नासारियोचं नाणं

आमच्या अत्लिस्को गावात नव्यानं आलेल्या माणसाला मी दोनच गोष्टी सांगते. चौकात येताना घरून जेवून येऊ नये, आणि नासारियोशी नाणं खेळू नये. पहिली गोष्ट सगळे ऐकतात. दुसरी कुणी ऐकत नाही, आणि मग माझ्याकडे येऊन तोंड पाडून उभे राहतात.

मी क्रिसांता. चर्चच्या कोपऱ्यावरच्या मोठ्या झाडाखाली तीस वर्षं मक्याचे दाणे विकते. दाणे उकडायचे, पेल्यात भरायचे, वर लिंबू, मेयोनीज, चुरलेलं चीज आणि तिखट. माझ्या डाव्या हाताला नासारियो उभा असतो, तोही जवळजवळ तितकीच वर्षं. घडीच्या तिकाटण्यावर लाकडी तबक, आणि तबकात मेरेंगे. अंड्याचं पांढरं साखरेबरोबर फेसून वाळवलेले, गुलाबी आणि पांढरे, तोंडात टाकले की विरघळणारे. मेरेंगेवाल्याशी नाणं उडवायचं हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. नाण्याची एक बाजू गरुडाची, दुसरी सूर्याची; गिऱ्हाइकानं बोलायचं, गरुड की सूर्य. मेरेंगेवाला नाणं उडवतो. गिऱ्हाईक जिंकलं तर मेरेंगे फुकट, हरलं तर पैसेही गेले आणि हातही रिकामा.

आता हे सांगू नये, पण मी सांगते, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. नासारियोचं नाणं नशिबानं पडत नाही. तो ते अंगठ्यावरून असं सोडतो की बघणाऱ्याला वाटतं गरगर फिरतंय. ते फिरत नाही, नुसतं थरथरत वर जातं आणि जसं गेलं तसंच खाली येतं. मला हे कळायला नऊ वर्षं लागली. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गप बस, क्रिसांता, माझं पोट आहे त्याच्यावर." पण त्यानं कधी लुबाडलं नाही कुणाला. लहान मुलांशी पहिला डाव तो हरायचाच. मैत्रिणीसमोर छाती काढून उभ्या राहिलेल्या पोरांशी जिंकायचा. काळे कपडे घालून कुणी आलं, घरात नुकतंच कुणी गेलेलं, तर त्या माणसाला तीन तीन डाव जिंकू द्यायचा. बाराही महिने तो असा चौकातल्या लोकांना थोडं थोडं नशीब वाटत असायचा.

यादिरा पहिल्यांदा आली ती मार्चमध्ये. चौतीस-पस्तिशीची, अंगावर रोपवाटिकेचा हिरवा एप्रन, नखांत माती. माझ्या हातगाडीसमोर ती रांग लावून उभी राहिली. रांग नव्हतीच, ती एकटीच होती, तरी चार हात लांब उभी.

"ये गोरे, काय देऊ?" मी म्हटलं.

तिनं मागे वळून बघितलं. "मी गोरी नाहीये."

"अगं, इथं गाडीवर येणारी प्रत्येक बाई गोरीच. माझ्याहून सावळी आली तरी गोरी. बोल, तिखट किती?"

"जेवढं सगळे खातात तेवढं," ती म्हणाली.

मी घातलं. दुसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नासारियोनं आपला रुमाल पुढे केला. ती म्हणाली, "तिखटानं झालं." पाच मिनिटं झाली, पेला संपला, तरी पाणी थांबेना, तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचा जन्म इथलाच, पण तीन वर्षांची असताना आई तिला पाठीवर बांधून सीमेपलीकडे घेऊन गेली. एकतीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये गेली, शाळा तिथं, लग्न तिथं, मोडलं तेही तिथंच. एक दिवस गाडी चालवताना अडवलं, कागद मागितले, कागद नव्हते. तीन महिने कोठडीत ठेवून विमानात बसवलं. जिथलं तिला काहीच आठवत नव्हतं त्या गावी ती परत आली, मावशीच्या मागच्या खोलीत. मुलगी तिथंच राहिली, बापाकडे. आलिसन. दहा वर्षांची.

"आलिसन," मी म्हटलं. "हे काय नाव! संतांच्या यादीत नाही हे."

"तुझ्या नातवंडांची नावं सांग बघू," नासारियो मध्येच बोलला. माझ्या एका नातवाचं नाव ब्रायन आहे. मी लिंबं कापायला घेतली.

आलिसनच्या बापाशी तिचं ठरलं होतं असं. जुलैत मुलगी महिनाभर इथं येईल. महिना संपला की तिनंच सांगायचं, आईजवळ राहायचं की परत जायचं. तिच्यावर कुणी जोर करायचा नाही. परतीचं तिकीट मात्र काढून ठेवलेलं होतं, जुलैच्या शेवटच्या रविवारचं.

"दोन्या क्रिसांता, मला शिकवा," यादिरा म्हणाली. मोठ्या बाईला इथं मानानं दोन्या म्हणतात, एवढं तिला येत होतं.

"काय शिकवू?"

"हे सगळं." तिनं चौकाकडे हात केला. "काय कुणाकडे खायचं, कसं मागायचं, कशाला काय म्हणतात. ती विचारेल, आई, हे काय आहे? आणि मी दुसऱ्याचं तोंड बघू का? तिला असं वाटायला नको की आईसुद्धा इथं पाहुणीच आहे. पाहुणीकडे राहायला कोण येईल?"

मी तिला तिथल्या तिथे शिष्य करून घेतलं. दर शनिवारी ती रोपवाटिकेतून सुटली की यायची, खिशात छोटी वही. मी गाडी नासारियोच्या भरवशावर सोडून तिला चौकभर फिरवायची. पिठाचे मोठे पापड घेतलेस तर कोबी आणि मलई आधी, पातळ तिखट चटणी सगळ्यात शेवटी, नाहीतर हातात लगदा येतो. सकाळी मक्याच्या पिठाचा वाफवलेला तमाल पावात घालून खायचा, पण तो चर्चच्या मागच्या बाईचा. बसथांब्यावरचा नाही, तो कालचा असतो. राजगिऱ्याची वडी घेताना दाबून बघ, वाकली तर ताजी. आणि तिला वडी म्हणू नकोस, आमच्याकडे तिचं नाव आनंद आहे. लाकडी पिंपातला बर्फ घेशील तर लिंबाचा घे, आणि आधी चमचाभर चव माग, लाजू नकोस. संध्याकाळी कानठळ्या बसवणारी शिट्टी ऐकलीस तर दचकायचं नाही, तो रताळीवाला आहे. आणि काहीही घेतलंस तरी हात पुढेच ठेवायचा, वरचं थोडं मिळाल्याशिवाय हलायचं नाही. वरचं न मागता जाणारं गिऱ्हाईक म्हणजे परगावचं.

हे वरचं मागणं तिला सगळ्यात अवघड गेलं. "त्यांचं नुकसान होईल ना," म्हणायची.

"अगं बये, तो तुझ्यासाठी बाजूला काढूनच ठेवतो. तू मागितलं नाहीस तर त्याला वाटतं, ही रागावली."

दुसऱ्या आठवड्यात तिचं पोट बिघडलं, तीन दिवस पडून होती. चौथ्या दिवशी परत आली, डोळे खोल गेलेले. म्हणाली, "पुढचं सांगा." तेव्हा ती मला मनापासून आवडली.

आणि नासारियोचंही मी तिला सांगितलं. पहिल्याच शनिवारी. "त्याच्याशी पैज लावू नकोस. त्याचं नाणं त्याचं ऐकतं." नासारियो तबकावरच्या माश्या हाकलत होता, त्यानं माझ्याकडे रागानं बघितलं. यादिरानं तेही वहीत लिहून घेतलं असणार.

जूनअखेरीला तर ती अशी झाली की गर्दीत उभी राहून "ओ मामा, वरचं विसरलात!" म्हणून ओरडायची. मला कौतुक वाटायचं. स्वतःची पोरगी पास झाल्यासारखं वाटायचं.

आलिसन आली. किडकिडीत, दोन वेण्या, पांढरे बूट, आणि सगळ्याकडे नीट टक लावून बघायची सवय. यादिरानं तिला पहिल्या दिवशी चौकात आणलं तेव्हा मी मुद्दाम काही बोलले नाही. यादिरा बोलत होती. हे असं खायचं, हे तसं, त्याच्याकडचं नको, याच्याकडचं घे. कुठंही अडली नाही. लिंबाचा बर्फ घेताना चमचाभर चव मागितली, पापडावर चटणी शेवटी घातली. मुलगी खात होती, आणि मध्ये मध्ये आईच्या तोंडाकडे बघत होती.

यादिरा पाणी आणायला गेली तेव्हा ती मला म्हणाली, "आईनं हे सगळं पाठ केलंय."

"कोण म्हणतं? तिचं गावच आहे हे."

"परीक्षेच्या आधी मी अशीच दिसते," आलिसन म्हणाली. मला हसू आलं, आणि हसता हसता जरा भीतीही वाटली.

पण महिना चांगला गेला, खोटं कशाला सांगू? पोरगी हसायला लागली. तिखट खायला लागली. ज्वालामुखीच्या डोंगरानं धूर सोडला आणि सगळ्या चौकावर बारीक राख पडली, त्या दिवशी ती राखेत बोटानं नाव लिहीत बसली. नासारियोशी तर तिची गट्टीच जमली. त्याला ती उस्ताद म्हणायची, कारण यादिरा म्हणायची. रोज एक डाव. पहिले तीन दिवस ती जिंकली. चौथ्या दिवशी हरली आणि तिचा चेहरा एवढासा झाला.

मला राहवलं नाही. "अगं वेडे, वाईट काय वाटून घेतेस?" मी म्हटलं. "तुझं नशीब नाही वाईट. त्याला हवं तसं पाडतो तो. आज लबाडाला पैसे हवे असतील."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग नासारियोच्या हाताकडे. "हवं तसं? नेहमी?"

"नेहमी."

तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

एक गोष्ट मला दिसत होती, पण मी ती मनावर घेतली नाही. रोज संध्याकाळी तिचा फोन वाजायचा आणि ती झाडामागे जायची. तिकडं तिचा सावत्र भाऊ होता, दोन वर्षांचा, बापाच्या नव्या बायकोचा. त्याला तिच्याशी बोलल्याशिवाय झोप येत नसे. ती झाडाला टेकून त्याला गाणं म्हणायची, अगदी हळू, आईला ऐकू जाणार नाही असं. आणि राजगिऱ्याच्या वडीतली अर्धी वडी ती नेहमी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवायची. मी एकदा विचारलं, "मुंग्या लागतील, कुणासाठी ठेवतेस?" ती म्हणाली, "कुणासाठी नाही."

शेवटचा आठवडा आला. यादिराला आता झोप लागत नव्हती. विचारायचं नाही असं ठरलेलं, तरी रोज तोंडाशी यायचं. मंगळवारी तिनं विचारलंच. मुलगी म्हणाली, "सांगते." बुधवारीही तेच.

गुरुवारी दोघी माझ्या गाडीपाशी उभ्या होत्या. आलिसन पेल्यातले दाणे चमच्यानं नुसते ढवळत होती. अचानक म्हणाली, "आई, मला ठरवता येत नाही. उस्तादना ठरवू दे."

"म्हणजे काय?"

"नाणं उडवू. शनिवारी, प्रार्थना झाल्यावर. गरुड पडला तर मी राहते. सूर्य पडला तर जाते. मग कुणी कुणाला काही म्हणायचं नाही."

मी तोंड उघडलं, पण यादिरानं माझ्याआधीच उत्तर दिलं. "चालेल," ती म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की मला तेव्हाच कळलं तिच्या डोक्यात काय आलं ते. खरं सांगते, माझ्याही डोक्यात तेच आलं, आणि मला आनंद झाला.

शुक्रवारी सकाळी रोपवाटिकेत न जाता ती एकटीच आली. नासारियो अजून तबक मांडत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"उस्ताद, मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे."

"मेरेंगे खा," तो म्हणाला. "गुलाबी ताजे आहेत."

"गरुड पाडा. एकदाच. मी तिला सुखात ठेवीन, उस्ताद. दोन पाळ्या करीन. तिला इथं आवडतंय, तुम्ही बघता ना रोज? फक्त तिच्या तोंडून निघत नाहीये."

नासारियोनं तिच्या हातात एक मेरेंगा ठेवला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. ती तो न खाताच गेली, दोन्ही हातांत धरून.

"पाडशील ना रे?" मी त्याला विचारलं.

"तू तुझे दाणे बघ," तो म्हणाला.

शनिवारी प्रार्थना सुटली आणि चौक भरला. दोघी आल्या, दोघींनी चांगले कपडे घातले होते. यादिरानं मुलीच्या वेण्यांत हिरव्या रिबिनी बांधल्या होत्या. नासारियोनं टोपी काढून तबकावर ठेवली. असं तो कधी करत नाही. खिशातून दहा पेसोचं नाणं काढलं, दोघींना दोन्ही बाजू दाखवल्या, इकडं गरुड, तिकडं सूर्य.

"मी आता विचारतो," तो म्हणाला, "नंतर विचारणार नाही. उडवू?"

"उडवा," आई म्हणाली.

"उडवा," मुलगी म्हणाली.

नाणं वर गेलं. मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. तीस वर्षं बघितलेला अंगठा तो. नाणं थरथरत गेलं आणि थरथरत आलं. त्यानं ते झेलून मनगटावर पालथं घातलं आणि हात काढला.

सूर्य होता.

माझ्या हातातला पेला खाली पडला. यादिरा नाण्याकडे बघत राहिली, क्षणभर, दोन क्षण. मग तिनं नासारियोकडे नाही बघितलं, मुलीकडे बघितलं. मुलगी खाली मान घालून उभी होती, हाताच्या मुठी वळलेल्या. आणि यादिरा हसली. मोठ्यानं हसली.

"फुटकं नशीब मेलं!" ती म्हणाली. "बघ, महिनाभर तुझ्याशी नाणं बरं वागलं, आणि माझ्याच वेळी सूर्य! ये इकडं. ये, रडू नकोस. नाण्यापुढं कोण काय करणार?"

आलिसन तिच्या पोटाला बिलगली आणि अशी हंबरडा फोडून रडली की प्रार्थनेहून परतणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या. "मी नाही, आई, नाणं," म्हणत होती. "हो गं, नाणंच," यादिरा म्हणत होती. "मला माहीत नाही का?"

त्या गेल्या. मी चिरलेलं लिंबू उचललं आणि नासारियोच्या अंगावर फेकलं. ते त्याच्या छातीवर आपटून तबकात पडलं.

"दगड आहेस तू! एकदा पाडला असतास गरुड तर काय हात गळून पडला असता? जन्मभर उनाड पोरांसाठी पाडलास, दारुड्यांसाठी पाडलास!"

तो तबकातलं लिंबू काढत होता. दोन मेरेंगे भिजून बसले होते, ते त्यानं बाजूला केले.

"पोरगी बुधवारी आली होती," तो म्हणाला.

"कोण?"

"आलिसन. तू नळावर गेली होतीस तेव्हा. स्टूल ओढून बसली माझ्यासमोर. म्हणाली, उस्ताद, मी शनिवारी तुमच्याकडे डाव मागणार आहे, तुम्ही सूर्य पाडायचा. मी म्हटलं, जायचंय तर सांग आईला तसं. ती म्हणाली, मी सांगितलं तर आईला वाटेल मी तिला सोडून गेले. नाणं बोललं तर ती नाण्याला शिव्या देईल." त्यानं माझ्याकडे बघितलं. "तिला कुणी सांगितलं, क्रिसांता, की माझं नाणं माझं ऐकतं म्हणून?"

मी खाली पडलेला पेला उचलला. मला राग येत होता, तो कुणावर काढावा कळत नव्हतं.

"मग शुक्रवारी आई आली तेव्हा नाही म्हणायचं होतंस तिला," मी शेवटी म्हटलं.

"कसं म्हणू? म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं का म्हणून. मी ठरवलं होतं, शनिवारी खरं उडवायचं. गरगर फिरवायचं, कसंही पडो, मला काय त्याचं. वर सोडताना पोरीनं माझ्याकडे बघितलं." त्यानं अंगठा दुसऱ्या हातानं चोळला. "पोरगी आईसाठी मागत होती गं. आई स्वतःसाठी मागत होती."

"मोठा न्यायाधीश लागून गेलास!" मी म्हटलं. "आईनं स्वतःसाठी मागू नये? तिला कोण मागून देणार होतं?"

 भर शनिवारी, चौक माणसांनी फुललेला असताना, त्यानं तिकाटणं मिटलं, तबक डोक्यावर घेतलं आणि घरी निघून गेला. अर्ध्याहून जास्त माल तसाच होता.

पुढचा आठवडाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मला धाकधूक एकच होती, यादिरा येईल आणि त्याच्या तबकावर लाथ मारेल. मारली असती तर मी अडवलं नसतं. पण मग खरं काय ते तिला सांगावं लागलं असतं, आणि ते कुणी सांगायचं? पोरीनं ज्यासाठी एवढं केलं तेच मोडलं असतं.

शनिवारी ती आली. हिरवा एप्रन, नखांत माती. माझ्याकडे न येता सरळ नासारियोसमोर जाऊन उभी राहिली. तो स्टुलावरून उठला.

"कधी आली होती ती?" तिनं विचारलं.

नासारियोनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी काही बोलले नव्हते. खरंच नव्हते, यावेळी.

"उस्ताद, दोन्या क्रिसांतानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमचं नाणं कधी आपोआप पडत नाही. मी गरुड मागितला होता. सूर्य पडला. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी सूर्य मागून गेलं होतं." तिचा आवाज अगदी साधा होता. "आणि सूर्य हवा असलेलं दुसरं होतंच कोण?"

"बुधवारी," नासारियो म्हणाला.

"बुधवारी," ती म्हणाली. "म्हणजे गुरुवारी ती मला विचारत होती तेव्हा तिचं ठरलेलं होतं. दाणे ढवळत होती. खात नव्हती. मला वाटलं, तिखट झालंय."

मला वाटलं आता ती कोसळेल. मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"तिनं माझ्यासाठी केलं ना ते?"

"हो," तो म्हणाला. "तुला लागू नये म्हणून."

"दहा वर्षांची आहे हो," यादिरा म्हणाली. "दहा वर्षांच्या पोरीला आईपासून असं काही लपवायला लागावं? तिच्या पिशवीत राजगिऱ्याच्या वड्या होत्या. मी भरताना बघितल्या. सात अर्ध्या वड्या, कागदात. तो लहान आहे ना तिकडं, त्याला नेल्या. मी पुन्हा तशाच ठेवल्या." मग ती म्हणाली, "तिला कळता कामा नये. मला कळलंय, हे. कधीच. तुम्हा दोघांना सांगते."

तेवढ्यात तिच्या एप्रनमधला फोन वाजला. शनिवारी याच वेळेला वाजतो, हे मला नंतर कळलं. तिनं डोळे पुसले, घसा साफ केला आणि आवाज मोठा करून फोन पुढे धरला. आलिसन होती. मागे लहान मुलाचा कलकलाट ऐकू येत होता. शाळेचं दप्तर, बूट, काय काय सांगून झालं, आणि मग पोरगी जरा थांबून म्हणाली, "आई, तू कुठं आहेस?"

"चौकात."

"उस्तादवर अजून रागावली आहेस?"

यादिरानं नासारियोकडे बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

"रागावली? समोरच उभा आहे मेला!" ती फोनमध्ये ओरडली. "ए लबाडा! गंज चढो तुझ्या नाण्याला! माझी पोरगी घालवलीस तू!"

नासारियोनं टोपी काढली. इतकी वर्षं फक्त "गरुड की सूर्य" एवढंच ओरडलेला तो माणूस, त्यानं घसा फाडून आवाज दिला, "बाई, नशिबाला मी काय करू! नाणं माझ्या बापाचं आहे का!"

फोनमधून हसू आलं. सुटल्यासारखं हसू. "रोज शिव्या देतेस त्यांना?"

"रोज. विश्वास नसेल तर दोन्या क्रिसांताला विचार."

तिनं फोन माझ्या तोंडापुढे धरला.  चौकातल्या प्रत्येकाचं गुपित ज्या तोंडानं फोडलं ते माझं तोंड. मी एक मोठा श्वास घेतला.

"रोज, पोरी!" मी म्हटलं. "सकाळ-संध्याकाळ. ऐकून ऐकून माझे कान किटले. गिऱ्हाइकं घाबरून पळतात माझी."

"बिचारे उस्ताद," आलिसन म्हणाली, आणि पुन्हा हसली.

फोन बंद झाल्यावर यादिरानं तो एप्रनच्या खिशात ठेवला आणि स्टुलावर बसली.  चौकात शनिवारची गर्दी होती, येणारा जाणारा बघत होता. मी एक पेला घेतला, दाणे भरले, लिंबू पिळलं. तिखट आता तिला चांगलं पचतं, दोन चमच्यांनी काही होत नाही. मी मूठभर घातलं आणि पेला तिच्या हातात दिला, म्हणजे कुणी विचारलं तर तिला सांगता येईल, तिखटानं झालं.